तिसऱ्या रांगेतलं हसू

माझी आत्या कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि आत्या त्या मापावर मेणात एकेक दात बसवत जाते. सायकलच्या दुकानाच्या वर एक लांबट खोली आहे, तिथे तिच्यासारखी चारपाच माणसं दिवसभर खाली मान घालून बसलेली असतात. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. नवखा माणूस दारातच थबकतो. आत्याला मात्र त्यांच्याबद्दल माया आहे. "दिवसभर दात दाखवतात, पण उलटून एक शब्द बोलत नाहीत," असं ती म्हणते.

आत्याचं हसणं हा आमच्या घरातला एक स्वतंत्र विषय आहे. ते आधी ऐकू येत नाही, दिसतं. खांदे वर जातात, डोळे मिटतात, आणि श्वास इतका वेळ आत ओढला जातो की शेजारच्याला वाटतं, पाणी आणावं का? मग ते फुटतं. जिन्यावरून स्टीलचे डबे गडगडत खाली यावेत आणि शेवटच्या पायरीवर एखादं झाकण बराच वेळ गरगरत राहावं, तसं. झाकण थांबलं म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडावा, तेवढ्यात वरून आणखी एक डबा सुटतो.

माझे वडील सांगतात की शाळेत आत्या बाकावर कमी आणि व्हरांड्यात जास्त असायची. कामावर एकदा तिच्या हसण्याने मालकांचा हात हलला आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीतला पुढचा दात किंचित तिरका बसला. मालकांनी तो काढून पुन्हा बसवून देतो म्हटलं, तर गृहस्थ ऐकेनात. म्हणाले, "राहू द्या, आता कुठे खरा वाटतोय."

आतोबा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होते. अतिशय गंभीर माणूस. लग्नाआधी ते आत्याला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी हवेबद्दल काहीतरी वाक्य टाकलं आणि आत्या हसली. आतोबांनी वळून मागे पाहिलं, ही कुणाला हसतेय म्हणून. मागे कुणीच नव्हतं. घरी जाऊन त्यांनी आईला सांगितलं, "मी बोललो आणि समोरचं माणूस हसलं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी हिच्याशीच लग्न करणार."

पण जग काही सगळं आतोबांसारखं नसतं. थिएटरात पुढच्या रांगेतली माणसं मान वळवून बघायची. बसमध्ये एकदा कंडक्टरने विचारलं होतं, "बाई, बरं वाटत नाही का?" हळूहळू आत्याने बाहेर हसणं जवळजवळ सोडून दिलं. पर्समध्ये एक जाडजूड रुमाल ठेवायची, हसू आलं की तो तोंडात कोंबायची. सिनेमा-नाटकाला जाणंही थांबवलं. "आपल्यामुळे लोकांचा विरस नको," म्हणायची.

एका वर्षी माझ्या ऑफिसात एका विनोदी नाटकाची दोन तिकिटं कुणालाच नको होती. नाटक पडलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी आत्याला म्हटलं, "चल, तिथे हसू येण्याचा काही धोका नाही."

खरंच नव्हता. अर्धाअधिक हॉल रिकामा. लोक खोकत होते, कुणीतरी वेफर्सची पिशवी चवीने उघडत होतं. नाटकात एक उंच, जरासा वाकलेला नट होता. पुढे कळलं की मंडळी त्याला लंबूकाका म्हणतात. तो भाड्याने खोली बघायला येतो आणि घरमालक त्याला घडीची खुर्ची देतो, असा प्रसंग होता. त्याने खुर्ची उघडायला घेतली आणि ती अर्ध्यातच अडकली. त्याने ओढून पाहिली, ढकलून पाहिली. मग अगदी हळुवारपणे ती खाली ठेवली आणि तिच्याकडे वाकून म्हणाला, "माफ करा हं, मला वाटलं तुम्ही मोकळ्या आहात."

शेजारी आत्याचे खांदे वर गेले. मी घाईघाईने तिच्या पर्समध्ये हात घालून रुमाल शोधायला लागले. उशीर झाला होता.

सगळा हॉल वळला. आधी लोक आत्याला हसले, मग आत्याबरोबर हसले, आणि मग आपण का हसतोय याचा कुणालाच पत्ता राहिला नाही. रंगमंचावर लंबूकाका थांबला होता. त्याने अंधारात डोळे बारीक करून पाहिलं. मग खुर्चीकडे पाहिलं. आणि चारचौघांत अपमान झालेल्या माणसाचा चेहरा करून तो खुर्चीला हाताला धरून कोपऱ्यात घेऊन गेला, खाजगीत समजूत घालायला. वरून आणखी एक डबा सुटला.

त्या दिवशी नाटक पुढे जे वर चढलं, ते शेवटपर्यंत खाली आलंच नाही. पडदा पडल्यावर आम्ही गुपचूप सटकायच्या बेतात होतो, तर दाराशी उभ्या माणसाने अडवलं. "त्या हसणाऱ्या बाई तुम्हीच ना?"

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. "चूक झाली हो. पुन्हा नाही येणार."

"येणार नाही काय! तुम्हाला आत बोलावलंय."

आत लंबूकाका अर्धा रंग पुसून बसला होता. एक गाल नाटकातला, एक घरचा. आत्याला बघून तो उभाच राहिला. "ताई, ती खुर्ची खरंच अडकली होती. मला दरदरून घाम फुटला होता. तुम्ही हसलात, तेव्हा कळलं की हे चाललंय. नाहीतर मी तिला लाथ घालून बाहेर पडणार होतो."

त्याच्या मागे दिग्दर्शक उभा होता. गोल चेहऱ्याचा, गळ्यात दोरीने छोटा टॉर्च अडकवलेला, सतत कसल्यातरी काळजीत. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची यापुढे मॅडमची. कधीही या, कितीदाही या.

आत्या जायला लागली. खुर्चीचा प्रसंग नाटकात कायमचा आला, वाढला, त्याला नवीन फांद्या फुटल्या. आत्या दर वेळी तितक्याच मनापासून हसायची, कारण लंबूकाका दर वेळी त्या खुर्चीशी थोडं वेगळं बोलायचा. तिला सवय झाली म्हणावं, तर तो काहीतरी नवीनच काढायचा. आणि ती हसली की त्याला आणखी सुचायचं. गर्दी वाढली. "ती हसणारी बाई असते, त्याच नाटकाला जाऊ," असं म्हणत लोक येऊ लागले. आतोबाही जायचे. ताठ बसून, चेहऱ्यावरची रेष न हलवता पूर्ण नाटक बघायचे आणि डबे गडगडायला लागले की शेजारच्या अनोळखी माणसाला हळूच सांगायचे, "आमच्या मिसेस."

जन्मभर जे लपवलं, ते लोकांना हवंय, हे आत्याला नवीन होतं. ती रुमाल घरी ठेवून जायला लागली.

घोडं अडलं ते दुसऱ्या अंकात. दुसऱ्या अंकात छत्रीचा एक लांबलचक प्रसंग होता, लंबूकाकाचा आवडता, वर्षानुवर्षं घोटलेला. तिथे आत्या हसायची नाही. ती हसली नाही की हॉलही जेमतेमच हसायचा. एका रविवारी दिग्दर्शकाने तिला बाजूला घेतलं.

"मॅडम, पहिल्या अंकात तुम्ही झकास असता. पण छत्रीला जरा..."

"छत्रीला हसू येत नाही हो," आत्या ओशाळून म्हणाली.

"थोडं आणलंत तर? मी विंगेतून टॉर्चने खूण करीन. दोनदा मिचकावला तर थोडंसं हसायचं. लांब पेटवला तर मनमोकळं."

तो काही वाईट माणूस नव्हता. बुडतं नाटक वर आलेलं त्याने पाहिलं होतं, ते पुन्हा बुडू नये एवढंच त्याला वाटत होतं. आणि आत्याला कुणाला नाही म्हणता येत नाही, हा तिचा जुना आजार. ती हो म्हणाली.

जमलं की! टॉर्च मिचकावला, आत्या हसली, तिच्यामागे हॉल हसला. छत्रीचा प्रसंग उठला. आठवड्यागणिक दिग्दर्शकाला टॉर्चची नवनवीन ठिकाणं सापडायला लागली. आधी छत्री, मग शेजारीण, मग फोन. पण आत्या घरी आल्यावर पूर्वीसारखी उड्या मारत काही सांगेना. मी एकदा विचारलं, "कसं झालं आज?"

"बरं झालं. एकही खूण चुकली नाही."

"आणि नाटक?"

ती विचारात पडली. "नाटक कुठे बघते गं मी आता. मी विंगेकडे बघत असते."

आणि मग तो दुपारचा प्रयोग. मी बरोबर होते. त्या सगळ्या धांगडधिंग्यात एकच शांत जागा होती. खोली शोधणारा लंबूकाका नाटकात एका मुलीचा बाप असतो; दूर निघालेल्या त्या मुलीची बॅग तो भरतो आणि तिला काही सांगायचं म्हणून थांबतो. सांगत मात्र नाही, नुसते मोजे घडी करत राहतो. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. नेमकी तेव्हाच दिग्दर्शकाच्या गळ्यातली दोरी तुटली. टॉर्च खाली पडला, तो उचलायच्या गडबडीत बटण दाबलं गेलं आणि लांबलचक उजेड थेट तिसऱ्या रांगेवर आला.

आत्या मनमोकळं हसली.

सगळे डबे, सगळी झाकणं. तिच्यामागे अख्खा हॉल. लंबूकाका मोजे हातात धरून तसाच उभा राहिला. त्याचं पुढचं वाक्य गेलं ते गेलंच. मुलीचं काम करणाऱ्या पोरीने कशीबशी त्याची वाक्यंही स्वतःच म्हणून टाकली आणि बॅग उचलून ती निघून गेली.

प्रयोग संपल्यावर आत्या माफी मागायला आत गेली. लंबूकाका आरशासमोर बसला होता. चिडलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं.

"ताई," तो म्हणाला, "मला ते दृश्य बरं जमतं असं वाटायचं. एवढं हास्यास्पद होतं का?"

"नाही हो! मी ते बघतच नव्हते. टॉर्च पेटला म्हणून हसले."

"कसला टॉर्च?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. लंबूकाकाला यातलं काही माहीतच नव्हतं. तिने चाचरत सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग एकेक विचारायला लागला.

"फोनच्या वेळी?"

"टॉर्च."

"शेजारीण?"

"तेही."

"आणि छत्री?" हे त्याने अगदी हळू विचारलं. "छत्रीला एकदा तरी?"

आत्याला खोटं बोलता आलं असतं. तिने मान हलवली. "एकदाही नाही."

त्याने हातातला रुमाल घडी घालून ठेवला. म्हणाला, "मी घरी बायकोला सांगून आलोय हो, की इतक्या वर्षांनी छत्री सापडली."

त्यानंतर आत्या नाटकाला गेली नाही. आणि गंमत अशी, की हसूच गेलं. घरात नाही, कामावर नाही. खांदे जागचे हलेनात. आतोबा हवालदिल झाले. ते रोज सकाळी वर्तमानपत्रातला विनोद बातमीसारखा वाचून दाखवायचे आणि आत्या हसली नाही की तो समजावून सांगायचे. "म्हणजे बघ, डॉक्टरला वाटतं की तो पेशंट आहे, पण वास्तविक तो..." आत्या त्यांच्या हातावर हात ठेवायची आणि म्हणायची, "कळला हो." मालकांनीही विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना? तुम्ही हसत नाही तर मला या जबड्यांची भीती वाटायला लागलीय."

एका दुपारी जिना करकरला आणि दारातून वाकून लंबूकाका आत आला. पुढचं मला आत्याने सांगितलं, आणि मालकांनीही. दोघांचं सांगणं जुळतं.

आत्या मेण कापायची सुरी हातात धरून उभी राहिली. तिला वाटलं, हा आता रागाने बोलणार. तो स्टुलावर बसला. गुडघे पार हनुवटीपर्यंत आले.

"छत्री काढून टाकली," तो म्हणाला. "टॉर्चही जप्त केला. दिग्दर्शक आता चाचपडत विंगेत आपटतो, पण आपटू दे."

"माझ्यामुळे तुमचं..."

"ऐका तर. वर उभं राहिलं की आम्हाला समोरचं काही दिसत नाही, ताई. डोळ्यांवर दिवे असतात. समोर नुसता अंधार. फक्त ऐकू येतं. खोकला येतो, खुर्ची करकरते, कुणी घरी जायच्या तयारीने बॅगची चेन ओढतं. तेवढ्यावरून ओळखायचं, माणसं आपल्याबरोबर आहेत का निघाली. मी आयुष्यभर कानांवर काम केलंय. त्यात तुमचं ते हसू आलं, मला वाटलं, चला, आता अंधारात एक माणूस तरी पक्कं ओळखीचं आहे. तेच दुसऱ्याच्या सांगण्यावरून हसत असेल तर मी विश्वास ठेवायचा कशावर?"

आत्या म्हणाली, "मला तरी काय उरलं? तुम्ही वर काय करताय ते मी बघतच नव्हते. आधी मी तुमच्याबरोबर असायचे. नंतर नुसती कामाला यायचे."

पलीकडे पॉलिशचं मशीन घरघरत होतं.

"परत या," तो म्हणाला.

"आले आणि हसू नाही आलं तर?"

"तर नाही आलं. मला तेवढं कळू दे, म्हणजे झालं."

तो निघायला उठला. उठताना त्याची पाठ मागच्या फळीला लागली. "सॉरी," तो वळून म्हणाला. समोर प्लास्टरचा जबडा होता. आपण कुणाची माफी मागितली हे त्याच्या लक्षात आलं. पण एवढं झाल्यावर शेजारच्या जबड्याला वगळणं बरं दिसणार नाही, असं बहुधा त्याला वाटलं असावं. त्याने त्यालाही मान लववून "सॉरी" म्हटलं. नाटक म्हणून नाही. तो माणूसच तसा आहे, हाडाचा सभ्य.

आत्याचे खांदे वर गेले. मालकांनी ते पाहिलं आणि हातातली कवळी आधी सुखरूप खाली ठेवली. मशीन बंद झालं. आणि मग महिनाभर साठलेलं सगळं एकदम जिन्यावरून खाली आलं. खाली सायकलच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन वर बघायला लागला.

लंबूकाकाचा चेहरा उजळला. "काय केलं मी? ताई, नक्की काय केलं?"

आत्याला बोलता येईना. तिने नुसता हात हलवला.

"सांगा ना, नाटकात घेता येईल."

"घ्या नाहीतर नका घेऊ," आत्या डोळे पुसत म्हणाली, "पण मला आधी सांगू नका."

आत्या परत गेली, पण तिसऱ्या रांगेतली ती राखीव खुर्ची तिने नाकारली. आता आपलं तिकीट आपणच काढते, कधी मधे बसते, कधी पार मागे भिंतीजवळ, आणि आज येणार आहे हे कुणाला कळवत नाही. लंबूकाका म्हणतो, पहिली दहा मिनिटं तो अंधारात तिला कानांनी शोधत असतो. कधी ती येऊनही हसत नाही, कधी भलत्याच ठिकाणी हसते, जिथे कुणी विनोद लिहिलेलाच नसतो. बॅग भरायचा प्रसंग तिने पहिल्यांदा नीट पाहिला, तेव्हा नाक शिंकरलं. आत्याचं नाक शिंकरणंही काही कमी नसतं. मी दचकले, माझ्या पलीकडचा माणूस दचकला. वर लंबूकाकाने एका मोज्याची घडी घातली होती, ती उलगडून पुन्हा सावकाश घातली. प्रयोग संपल्यावर बाहेर भेटला तेव्हा आत्याला म्हणाला, "आज नाक ऐकलं," आणि बराच वेळ आमच्याबरोबर रस्त्याने चालत राहिला.

ते नाटक यथावकाश बंद झालं. मागच्या महिन्यात मंडळींनी नवीन उभं केलं. आत्या आणि मी पहिल्याच प्रयोगाला गेलो होतो. ती अडीच तास हूं की चूं न करता बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे चहाला थांबले होते, तेव्हा फोन वाजला. आतोबांनी उचलला, "त्यांचाच आहे," म्हणून आत्याच्या हातात दिला. लंबूकाकाचा आवाज टेबलाच्या पलीकडे मलाही ऐकू येत होता.

"काल आला होतात का?"

"आले होते."

"मला काही ऐकू नाही आलं."

"ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. मी दोनदा घड्याळ बघितलं."

आतोबांनी काळजीने वर्तमानपत्र खाली केलं.

"पहिल्या अंकात का दुसऱ्या?"

"दोन्हीत एकेकदा."

"हं." तिकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "मधला भाग सैल आहे, असं मलाही वाटतच होतं. बरं झालं. आजच पुन्हा तालीम लावतो."

"मी तालमीला येणार नाही हं," आत्या घाईने म्हणाली.

"बोलावतंय कोण तुम्हाला!" असं म्हणून त्याने फोन ठेवून दिला, आणि आत्या खुशीत, चहा तसाच अर्धा टाकून कामावर जायला उठली.